नारायण पंडितांचें भागादान

जुन्या दप्तरांचा संग्रह करणारे गृहस्थ सनदा, महजर व बखरी जिवापाड जपतात. परंतु त्याच रुमालांत गणिताचीं चार पानें निघालीं म्हणजे तीं बहुधा जीर्ण पंचांगांच्या गठ्ठ्यांत पडतात. हीं पानेंही इतिहासाचें साधन होत, व त्यांतील आंकडे आपली साक्ष आपणच देतात, हें एका ग्रंथाच्या आधारें दाखवावें असें आम्हीं योजिलें आहे.

तो ग्रंथ म्हणजे नृसिंहपुत्र नारायण पंडितांची 'गणितकौमुदी'. ती शके १२७८, म्हणजे इ. स. १३५६ मध्यें पूर्ण झाली. पद्माकर द्विवेदी यांनीं संपादून ती काशीस १९३६ व १९४२ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केली. भास्कराचार्यांच्या शके १०७२ मधील 'लीलावती'त दोन संख्यांचा साधारण भाजक परस्पर भागाकारानें काढण्याची रीत कुट्टकाच्या ओघांत आली आहे. परंतु एकाच संख्येचे सर्व भाजक कसे शोधावे, याचें स्वतंत्र प्रकरण तींत नाहीं. 'गणितकौमुदी'त तें 'भागादान' या नांवानें आहे.

त्यांतील रीत अशी. संख्या सम असल्यास ती विषम होईपर्यंत २ नें भागावी. एकंस्थानीं ५ असल्यास ५ नें भागावी. उरलेली संख्या पूर्ण वर्ग असल्यास तिचें वर्गमूळ हाच भाजक. तसें नसल्यास पुढील युक्ति. उदाहरणार्थ ११६१ घेऊं. तीत सामावणारा सर्वांत मोठा वर्ग ३४ चा, म्हणजे ११५६, बाकी ५. ३४ च्या दुपटीत १ मिळवून ६९, त्यांतून बाकी वजा जातां ६४ राहिले. हा ८ चा वर्ग होय. (तो वर्ग न येता तर ७१, मग ७३, असे विषम अंक वर्ग येईपर्यंत मिळवीत जावयाचें.) अर्थात् ११६१ म्हणजे ३५ च्या वर्गांतून ८ चा वर्ग वजा. ३५ व ८ यांची बेरीज ४३ व वजाबाकी २७. हेच दोन भाजक. पैकीं २७ हा ३ चा घन, व ४३ ही मूळ संख्या. म्हणून ११६१ चे भाजक १, ३, ९, २७, ४३, १२९, ३८७ व ११६१ असे आठच.

हीच युक्ति फ्रान्समधील पिएर द फर्मा यानें इ. स. १६४३ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रांत आहे. तेथें २०२७६५१२८१ या संख्येचे ४४०२१ व ४६०६१ असे अवयव पाडिले आहेत. युरोपीय ग्रंथांत ती त्याच्याच नांवानें चालते. मध्यें पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ गेला. एवढ्यावरून फर्मानें ती हिंदुस्थानांतून उचलली असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. कालाचें पौर्वापर्य हा ऋणाचा पुरावा नव्हे. नारायणांची रीत अगोदरची आहे, एवढेंच निश्चित. व तेवढें पुरेसें आहे.

रीतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. भाजक एकमेकांच्या जवळ असतील तर ती झटपट फळते. मूळ संख्येस मात्र ती फार फिरविते: ४३ साठीं ७ पासून २२ पर्यंत सोळा वर्ग तपासावे लागतात, आणि २, ३ व ५ यांनीं भागून पाहिल्यास तोच निर्णय तीन भागाकारांत होतो.

आतां संग्राहकांच्या कामाची गोष्ट. समजा, एखाद्या लेखकानें नक्कल करतांना ११६१ च्या ठिकाणीं ११९१ लिहिलें. ६ चा ९ होण्यास हात किंचित् वळला तरी पुरे. बखरींतील असा आंकडा ताडून पाहण्यास दुसरी पोथी लागते. येथें तसें नाहीं. ११९१ पासून बाकी ३५ येते, व ६९ मधून ती जातां ३४ उरतात. पुढील ओळींतील ६४, ४३ व २७ यांचा मेळ बसत नाहीं. ४३ व २७ यांचा गुणाकार केला कीं खरा पाठ हातीं येतो.

म्हणून आमची विनंति एवढीच कीं, रुमालांत गणिताचें सुटें पान आढळल्यास तें वेगळें काढावें, शेवटीं शक दिला असल्यास टिपून ठेवावा, आणि आंकडे स्वतः करून पाहिल्याशिवाय पाठ अशुद्ध ठरवूं नये.