पागा, शिलेदार आणि मोकळा खेळाडू

महाड-पोलादपूरकडच्या कबड्डीच्या किंवा टेनिस क्रिकेटच्या स्पर्धेचं पत्रक नीट वाचलं, तर बक्षिसांच्या रकमांखाली पुष्कळदा एक अट दिसते: एक गाव, एक संघ. कधी त्याला जोडून आधार कार्ड सोबत आणायची सूचनाही असते. खेळाच्या मैदानात आधार कार्ड कशाला, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. मुंबईचा एखादा चाकरमानी खिशात हात घालायला तयार झाला, की शेजारच्या तालुक्यातला नामी चढाईपटू रातोरात गावचा होतो. बाहेरचा माणूस आणून सामना मारायचा ही युक्ती जुनी, आणि तिला लगाम घालायची खटपटही तितकीच जुनी.

किती जुनी, ते पाचाडलाच कळतं. गावाच्या डोक्यावरचा रायगड म्हणजे मोऱ्यांची रायरी. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, चंद्रराव मोरे रायरीवर जाऊन बसला, आणि त्याच साली रायरीही महाराजांच्या हाती आली. मोऱ्यांच्या बाजूने लढणाऱ्यांत मुरारबाजी देशपांडे होता, महाड तालुक्यातल्या किंजळोलीचा. महाराजांनी या माणसाची तलवार पाहिली आणि हरलेल्या पक्षातून त्याला आपल्याकडे घेतलं. पुढे १६६५ मध्ये पुरंदरावर दिलेरखानाने त्याला कौल देऊ केला, तो त्याने धुडकावला आणि लढता लढता तो पडला. एकदा पक्ष बदललेला माणूस दुसऱ्यांदा बदलेलच, असं नसतं.

पण प्रत्येक जण मुरारबाजी निघेल या भरवशावर फौज उभी राहत नाही. मराठी घोडदळात दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचं घेऊन यायचा, त्यामुळे चाकरी पटली नाही तर तो आपला घोडा घेऊन दुसऱ्या दारी जाऊ शकत होता. १६९७ च्या सुमारास बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद सांगतो, की महाराजांनी पागा बळकट केली आणि शिलेदार पागेच्या हुकमात ठेवले, म्हणजे बंडावा करायला कुणाला बळ उरू नये. शिलेदार नकोत, असं त्यांनी म्हटलं नाही. फक्त ते कुणाच्या भोवती उभे राहतील, हे ठरवून टाकलं.

व्यावसायिक खेळात मात्र शिलेदार जन्मायलाच शंभर वर्षं लागली. इंग्लंडच्या फुटबॉल लीगने १८९३ पासून अशी पद्धत रुळवली, की करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राही. घोडा स्वाराचा, लगाम क्लबच्या हातात. जॉर्ज ईस्टहॅम न्यूकॅसल क्लबविरुद्ध कोर्टात गेला तेव्हा १९६३ मध्ये ही गाठ थोडी सैलावली. ती सुटली बेल्जियममधल्या जाँ-मार्क बोस्मानमुळे. १९९० मध्ये त्याचा करार संपला, लिएज क्लबने पगार कापून नवा करार पुढे केला आणि फ्रान्समधल्या डंकर्कला जातो म्हटल्यावर बदलीची रक्कम मागितली. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला: करार संपलेल्या खेळाडूवर अशी रक्कम लावता येणार नाही. तिकडे अमेरिकी फुटबॉलमध्ये ही मोकळीक १९९३ मध्येच आली होती. रेजी व्हाइट त्याच साली ग्रीन बे पॅकर्सकडे गेला आणि जानेवारी १९९७ मध्ये संघाने सुपर बोल जिंकला. त्या संघाचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्व मात्र तिथे व्हाइटच्या आधीच येऊन बसला होता.

आपल्याकडे करार नव्हता, नोकरी होती. मुंबईत मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्र, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट यांचे संघ खेळत. चांगल्या खेळाडूला हजेरीपटावर घेतलं जाई. पगार बेताचा, पण कायम, आणि खेळ संपल्यावरही चूल पेटती राही. म्हणून तो सहसा हलत नसे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये आपला फुटबॉल संघच बंद केला. त्या बारगिरीचा काळ सरत चालला होता.

नव्या तऱ्हेचा संघ इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीने २०२०-२१ मध्ये बांधला. गोव्याच्या संघातून दूर झालेला प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आला आणि त्याच्यामागून त्याचे जुने गडीही आले: बचावपटू मुर्तदा फॉल, मधल्या फळीतला अहमद जाहू, डाव्या बगलेचा गोव्याचाच मंदार राव देसाई. ह्यूगो बुमूसला गोव्याच्या करारातून सोडवायला पैसे मोजावे लागले. बार्थोलोम्यू ओग्बेचे केरळ ब्लास्टर्सकडून आला. पण गोलपोस्टमध्ये २०१६ पासून मुंबईचाच असलेला अमरिंदर सिंग होता, बगलेवर २०१८ पासूनचा बिपिन सिंग.

कोविडमुळे सगळी स्पर्धा गोव्यात, रिकाम्या स्टँडसमोर झाली. २८ फेब्रुवारी २०२१ ला बांबोळीत एटीके मोहन बागानविरुद्ध सातव्या मिनिटाला जाहूची फ्री किक उंचावून आली आणि फॉलने ती डोक्याने जाळ्यात घातली. ही जोडी मुंबईत जमली नव्हती. गोव्यातून ती जमूनच आली होती. मुंबई २-० ने जिंकली, दोन्ही संघांचे गुण ४० झाले, आणि आपसातले सामने मारल्यामुळे लीगची ढाल मुंबईकडे गेली. १३ मार्चला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात तोच प्रतिस्पर्धी होता. १-१ असताना ९० व्या मिनिटाला ओग्बेचेने गोलरक्षकाच्या चुकीवर झडप घालून चेंडू बिपिनला दिला. शिलेदाराने संधी काढली, गोल पागेतल्या माणसाने केला.

प्रो कबड्डी लीगमध्येही हेच दिसलं. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख लावले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि तो हंगामभर बाहेर बसला. तरीही तो संघ उपांत्य फेरीत पोहोचला, तो बाकीच्यांच्या जोरावर. पुढच्या हंगामात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांत घेतलं, पण कप्तान होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि संघ आदल्या वर्षीचा उपविजेता. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ ने हरवून पलटण विजेती झाली.

मोकळा खेळाडू जसा येतो तसा जातोही. २०२१-२२ मध्ये मुंबई सिटीतून लोबेरा गेला, बुमूस आणि अमरिंदर मोहन बागानकडे गेले, मुंबई पाचवी आली. ओग्बेचेने हैदराबादसाठी १८ गोल केले आणि हैदराबाद विजेता झाला. पण फॉल, जाहू, बिपिन मुंबईतच राहिले. त्यांच्यात जमशेदपूरचा ग्रेग स्टुअर्ट येऊन मिळाला आणि २०२२-२३ ची ढाल पुन्हा मुंबईकडे आली. संघ बांधणाऱ्याने थैली सोडण्याआधी विचारायचा प्रश्न एवढाच: हा गेला, तर मागे कोण उरेल?