मुरक्का आणि घरातील चौकट

मोगल बादशहांच्या चित्रसंग्रहास ‘मुरक्का’ म्हणत; शब्दाचा मूळ अर्थ ठिगळे जोडून केलेले. जहांगीरच्या कारखान्यात चित्रे व नस्तालीक सुलेखन जाड कागदावर चिकटवून भोवती नक्षीदार हाशिया रंगवीत. त्याच्या ‘मुरक्का-ए-गुलशन’चा मोठा भाग आज तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. त्या हाशियांचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु पान नेमके बसावे म्हणून कारागीर प्रसंगी मूळ कडाही कापीत, हे विसरता येत नाही.

तरी त्यांची खळ पिठाची होती, ओलाव्याने सुटणारी. आजचा कृत्रिम डिंक बहुधा सुटत नाही. सोडवू गेल्यास पानच फाटते.

आपल्या वसईच्या घराघरांत आजोबांच्या हातचा एखादा तुग्रा, जुना निकाहनामा असतो. येथील हवा खारी व दमट. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. चारही बाजूंनी चिकटवलेला असेल तर सुरकुततो, प्रसंगी चिरतो. म्हणून संग्रहालयांत कागद चिकटवीत नाहीत, टांगतात. वरच्या कडेस जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या खळीने लावतात, खालची बाजू मोकळी ठेवतात. पान हलके असल्यास चारही कोपरे कागदी खिशांत अडकवतात. मग मूळ कागदाला खळीचा थेंबही लागत नाही. पुढे खिडकी कापलेला पुठ्ठा ठेवतात, म्हणजे काच शाईला टेकत नाही.

पुठ्ठा आम्लरहित हवा. साध्या पुठ्ठ्यातील आम्लाने कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा उन्हासमोर चौकट लावू नये.