बॅकअप आहे हो, पण रिस्टोर होतो का?

गेल्या शनिवारी लेख आला नाही म्हणून दोघातिघांनी विचारलं. कारण सांगतो.

शुक्रवारी रात्री साडेअकराला फोन आला. एका क्लायंटचं स्टोरेज बसलं होतं आणि त्यावर चौदा व्हर्च्युअल मशीन्स होती. "बॅकअप आहे ना?" "आहे." आठ महिने रोज रात्री बॅकअपचा हिरवा टिक मेलमध्ये येत होता. सकाळपर्यंत तेरा मशीन्स उठली. चौदावं, म्हणजे नेमकं अकाउंट्सचं, सुरू झालं, पण आतला डेटाबेस काही केल्या उघडेना. कॉपी काढताना डेटाबेसला "बाबा रे, हातातलं लिहिणं पुरं कर आणि क्षणभर थांब" असं सांगावं लागतं. ते सेटिंगच कुणी केलं नव्हतं. आणि आठ महिन्यांत एकदाही रिस्टोर करून बघितलं नव्हतं. (यात अस्मादिकही आले.) शेवटी अकाउंट्सच्या काकूंनी दर महिनाअखेरीस काढून कपाटात ठेवलेल्या प्रिंटआउट्स कामाला आल्या. तीन दिवस बसून आम्ही त्या परत टाइप केल्या.

रविवारी झोपून उठलो तेव्हा डोक्यात सारखं आमचं चंद्रपूर-गडचिरोली येत होतं. का ते बघा.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे अख्खा संगणक फाइलींच्या रूपात. कल्पना जुनी आहे, आयबीएमने १९६० च्या दशकात मेनफ्रेमवर हे केलं आणि १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' बाजारात आणलं. आपल्या साध्या सर्व्हरवर ते आलं १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरमुळे. फायदा असा, की मशीन एका होस्टवरून उचलून दुसऱ्यावर ठेवता येतं. तोटा असा, की त्यामुळे सगळ्यांना वाटायला लागलं, स्नॅपशॉट घेतला म्हणजे झाला बॅकअप. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो आणि मूळ फाइलीवर टेकून उभा असतो. डिस्क गेली की दोन्ही जातात.

आता आमचा जिल्हा घ्या. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. १९६४ मध्ये चांद्याचं चंद्रपूर झालं आणि २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. जमीन जागची हलली नाही, होस्ट मात्र बदलत राहिला. राजधानी आधी नागपूर, मग मुंबई. दर वेळी कागदांचे गठ्ठे हलले. सगळे नीट पोचले का, हे त्या वेळी उघडून कोणी बघितलं असेल?

या गठ्ठ्यांत एक महत्त्वाची गोष्ट होती, ती म्हणजे निस्तार. मालगुजार-जमीनदारांच्या काळात गावकरी जंगलातून जळण, बांबू, गवत आणायचे, गुरं चारायचे. हा त्यांचा वहिवाटीचा हक्क. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ३१ मार्च १९५१ पासून जंगल सरकारकडे आलं. हक्क बुडू नयेत म्हणून ते निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात नोंदवायची सोय होती. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही कलम १६१ आणि १६५ मध्ये ही दोन्ही नावं आहेत. म्हणजे बॅकअप होता! पण रोजच्या व्यवहारात चालायचा तो वनखात्याचा नकाशा. त्यात गावकऱ्याचा हक्क म्हणजे जणू मेहेरबानी. कपाटातला कागद कोणी बाहेर काढतच नव्हतं.

मग २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००८ मध्ये त्याचे नियम. त्यातला नियम १३ मी पहिल्यांदा वाचला तेव्हा चाट पडलो. ती चक्क रिकव्हरी प्लॅनची यादी आहे. पुरावा म्हणून जनगणना चालेल, सर्व्हे-सेटलमेंटचे रिपोर्ट, नकाशे, उपग्रहाची चित्रं, गॅझेटियर चालतील. देवराई, स्मशान, जुन्या विहिरी चालतील. आणि गावातल्या म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदनही चालेल. वर असंही म्हटलंय, की एकापेक्षा जास्त पुरावे बघा. आमच्या काकूंच्या प्रिंटआउट्सना कायद्याने मान्यता दिल्यासारखंच झालं हे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हे रिस्टोर करून दाखवलं. २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी झगडावं लागलंच. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तुम्ही ऐकली असतील. पण मला सगळ्यात भावतात ते या गावाचे अभ्यास गट. कायदा काय म्हणतो, आपला हक्क कुठवर आहे, हे एकत्र बसून वाचायचं, बोलायचं आणि निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा. आमच्या भाषेत ही कायम चालू असलेली रिस्टोर ड्रिल.

सगळ्यांचं नशीब असं नाही. आदिवासी नसलेल्या वनवासी कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, दाखवावी लागतात. रिस्टोर पॉइंट निघतो १९३० चा! त्या वेळी आम्ही मध्य प्रांतात होतो. ज्याच्या पणजोबाला कुणी कागदच दिला नाही, त्याने काय दाखवायचं? १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने फेटाळलेल्या दाव्यांवाल्यांना हटवायचा आदेश दिला, तेव्हा लाखो कुटुंबांच्या पोटात गोळा आला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. कागद सापडणं-न सापडणं म्हणजे घर राहणं-न राहणं, इतका सरळ हिशोब आहे हा.

इथे आमची उपमा तोकडी पडते, हेही कबूल करतो. कंपनीत डेटा ज्याचा, बॅकअपही त्याचाच. इथे कॉपी ज्या सरकारच्या कपाटात आहे, दावा त्याच सरकारपुढे करायचा. शिवाय कपाटंही जळतात. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, पाच जणांचा जीव गेला आणि फायलींचे ढीग राख झाले. म्हणून एक कॉपी गावात हवी, आणि ती वाचता येणारी माणसंही गावात हवीत.

असो. सोमवारी क्लायंटकडे दर महिन्याला एक मशीन खरोखर उठवून बघायचं ठरलं. कोणतं, ते चिठ्ठी टाकून. संध्याकाळी बाबांना फोन केला, म्हटलं माळ्यावरची आजोबांची ट्रंक उघडा. ते म्हणाले, "त्यात काय आहे, जुने कागद." दिवाळीत घरी गेलो की पहिलं काम तेच.