विपत्ती आणि ग्रंथनिर्मिती : प्राचीन चिनी साहित्यविचारातील एका सिद्धांताची चिकित्सा

साहित्याचा उगम दुःखात आहे, ही कल्पना अनेक प्राचीन वाङ्मयांत कोठे ना कोठे आढळते. चिनी साहित्यविचारात मात्र ती केवळ एक सुभाषितवजा उक्ती म्हणून राहिली नाही. इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या आरंभापासून पुढे सुमारे दोन हजार वर्षे तिचा एक सिद्धांत म्हणून विचार होत आला. या सिद्धांताचा अर्थ 'हालअपेष्टांतून श्रेष्ठ कृती जन्मास येते' असा सरळ कार्यकारणसंबंधाचा घेण्याची प्रथा आहे. परंतु ज्या लेखावर तो मुख्यतः आधारलेला आहे तो लेख आणि त्याच लेखकाचा इतिहासग्रंथ शेजारी ठेवून वाचले असता हा अर्थ टिकत नाही, असे दाखविण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. कन्फ्यूशियसच्या संवादग्रंथात काव्याचे जे उपयोग सांगितले आहेत त्यांत 'युआन' हा एक आहे. वरिष्ठांविषयीचे गाऱ्हाणे मर्यादेने व्यक्त करणे, असा त्याचा स्थूल अर्थ होय. पुढे हान काळात प्राचीन गीतसंग्रहाला जी 'महाप्रस्तावना' जोडली गेली, तिने राज्यव्यवस्था आणि काव्याचा सूर यांचा संबंध जोडला. सुव्यवस्थित काळाचे संगीत शांत, अराजकाचे रोषयुक्त आणि लयास जाणाऱ्या राज्याचे शोकमय, अशी तिची मांडणी आहे. येथे विपत्ती आहे, पण ती युगाची आहे. गीत हे राजाने प्रजेची स्थिती ओळखण्याचे साधन आहे. गीत रचणारी व्यक्ती कोण आणि तिने काय भोगले, हा प्रश्न अद्याप उपस्थित झालेला नाही.

तो प्रश्न स्सुमा छ्येन याने उपस्थित केला. हा हान सम्राट वू याच्या दरबारातील राजज्योतिषी व इतिहासलेखक होता. इ. स. पू. ९९ मध्ये ली लिंग हा सेनापती पाच हजार पायदळ घेऊन श्योंगनू टोळ्यांच्या मुलखात शिरला आणि अखेर वेढला जाऊन शत्रूस शरण गेला. दरबारात त्याची बाजू घेणारा एकटा स्सुमा छ्येन निघाला आणि त्याबद्दल त्यास शिक्षा झाली. दंड भरून सुटका करून घेण्याइतके द्रव्य त्याच्या घरी नव्हते. अशा प्रसंगी स्वाभिमानी मनुष्याने आत्महत्या करावी, असा तत्कालीन संकेत होता. त्याने ती केली नाही; पुंस्त्वहरणाची अप्रतिष्ठेची शिक्षा पत्करली व तो जगला. तो का जगला, याचे उत्तर त्याने रेन आन या परिचितास लिहिलेल्या पत्रात आहे. पत्राचा काळ इ. स. पू. ९३ की ९१ याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे; ते पान कू याच्या हान वंशाच्या इतिहासात जतन झाले आहे.

या पत्रात पूर्वसूरींची एक मालिका येते. राजा वेन बंदिवासात असताना त्याने 'परिवर्तनग्रंथा'चा विस्तार केला. कन्फ्यूशियसने संकटात 'वसंत आणि शरद' हा वृत्तान्त रचला. छ्यू युआन हद्दपार झाला तेव्हा 'ली साओ' निर्माण झाले. त्सुओ छ्यू याची दृष्टी गेल्यावर 'राज्यांची भाषणे' हा ग्रंथ झाला. सुन पिन याचे पाय छाटल्यावर त्याचे युद्धशास्त्र सिद्ध झाले. ल्यू पुवेइ याची शू प्रांतात रवानगी झाली तरी त्याचा ग्रंथ पुढील पिढ्यांस मिळाला. हान फेइ छिन राज्यात कैदेत पडला आणि त्याचे निबंध झाले. प्राचीन गीतेदेखील बव्हंशी थोरांच्या अशाच क्षोभातून आली, असा निष्कर्ष तो काढतो. त्यासाठी त्याने योजलेला शब्द 'फा-फेन' हा आहे. अंतरी दाटलेले बाहेर पडणे, असे त्याचे भाषांतर करता येईल. मात्र कन्फ्यूशियस स्वतःचे वर्णन करताना हाच शब्द जेवणाचे भान हरपविणाऱ्या अभ्यासाच्या तळमळीसाठी वापरतो, हे लक्षात ठेवणे अवश्य आहे. त्यात क्षोभ आहे तसा नेटही आहे.

आता ही मालिका त्याच लेखकाच्या 'शृ-ची' या १३० प्रकरणांच्या इतिहासग्रंथाशी ताडून पाहू. तेथील ल्यू पुवेइच्या चरित्राप्रमाणे त्याचा ग्रंथ तो छिन राज्याचा महामंत्री असताना, वैभवाच्या शिखरावर, आश्रित पंडितांकडून तयार झाला. तो राजधानीच्या बाजारवेशीवर मांडून, त्यात एक अक्षर अधिकउणे करून दाखविणारास हजार सुवर्णांचे बक्षीस जाहीर करण्यात आले होते. हद्दपारीची आज्ञा त्यानंतरची आहे; इ. स. पू. २३५ मध्ये त्याने विष घेतले. हान फेइच्या चरित्रातही तसेच आहे. त्याचे निबंध वाचून छिनचा राजा प्रभावित झाला. पुढे हान फेइ छिनमध्ये आला, कैदेत पडला आणि इ. स. पू. २३३ मध्ये मेला. अर्थात निबंध आधीचे, कारावास नंतरचा. दोन्ही चरित्रे लिहिणाऱ्या इतिहासकारास हा कालक्रम ठाऊक नव्हता, असे म्हणता येत नाही.

ज्या ग्रंथासाठी ही मालिका रचली त्याची स्थिती काय आहे? 'शृ-ची'चा संकल्प मूळ त्याच्या पित्याचा. इ. स. पू. ११० मध्ये मृत्युशय्येवर पित्याने तो पुत्राच्या स्वाधीन केला. इ. स. पू. १०४ मधील पंचांगसुधारणेच्या सुमारास पुत्राने लेखनास आरंभ केला. ली लिंगचे प्रकरण त्यानंतरचे. म्हणजे विपत्तीपासून ग्रंथ जन्मला, हे विधान खुद्द विधानकर्त्यालाही लागू पडत नाही. जे लागू पडते ते निराळे आहे. ग्रंथ अपुरा होता म्हणून त्याने मरण नाकारले, आणि जगणे लाजिरवाणे झाले असताही ग्रंथ सोडला नाही. म्हणून ही मालिका साहित्याच्या उत्पत्तीचा पुरावा म्हणून न वाचता, अपमानित मनुष्याने स्वतःसाठी शोधलेली वंशावळ म्हणून वाचावी लागते. 'दुःखामुळे लिहिले' यापेक्षा 'दुःख झाले तरी पुरे केले' हा तिचा आशय होय.

या आशयाची कसोटी पाहणारा एक प्रसंग इतिहासात घडला. इ. स. १९२ मध्ये विद्वान त्साई युंग यास मंत्री वांग युन याने कैद केले. त्साई युंगने विनविले की, माझ्या चेहऱ्यावर गुन्हेगाराचे गोंदण करा, पाय तोडा, पण हान वंशाचा इतिहास पुरा करू द्या. वांग युनने ते मान्य केले नाही. सम्राट वूने स्सुमा छ्येनला जिवंत ठेवले आणि निंदेने भरलेला ग्रंथ मागे राहिला, ही चूक पुन्हा करावयाची नाही, असे त्याचे कारण होते. त्साई युंग तुरुंगातच मेला. या प्रसंगातून दोन गोष्टी दिसून येतात. सिद्धांत सत्ताधाऱ्यांनीही वाचला होता, आणि ग्रंथ व्यथेतून आला एवढे कबूल केले की त्यास वैयक्तिक सूड ठरविणे सोपे जाते. शिवाय, विपत्तीतून जे ग्रंथ आले तेच आपण मोजतो. जे तिच्यात बुडाले त्यांची मालिका कोणीही रचीत नाही.

पुढील विचारवंतांनी सिद्धांत राजकारणाकडून काव्याकडे वळविला. इ. स. ५०० च्या सुमारास लिऊ श्ये याने आपल्या साहित्यशास्त्रग्रंथात एका उपेक्षित लेखकाविषयी बोलताना आजारी शिंपल्यात तयार होणाऱ्या मोत्याची उपमा दिली. च्येनआन काळातील काव्याच्या खोल व आवेशयुक्त स्वराचे कारणही त्याने दीर्घ यादवीत शोधले. मात्र भावनेसाठी रचना करणे आणि रचनेसाठी भावना उत्पन्न करणे यांत भेद करून त्याने कृत्रिम शोकाविरुद्ध इशारा दिला. त्यानंतर लवकरच चुंग रुंग याने कवींची प्रतवारी लावली. त्याने पहिल्या वर्गात बसविलेल्यांत ली लिंग आहे, आणि संकट कोसळले नसते तर त्याचे काव्य या उंचीस पोहोचले नसते, असा त्याचा अभिप्राय आहे. ज्याच्यासाठी स्सुमा छ्येनने शिक्षा भोगली तोच येथे सिद्धांताचे उदाहरण झाला. पण ली लिंगच्या नावावरील या कविता पुष्कळ नंतरच्या, अज्ञात कवींच्या आहेत, असे आधुनिक संशोधन मानते. लिऊ श्येनेही त्यांविषयीचा संशय नोंदविला आहे. येथे सिद्धांताने आपले प्रमाण स्वतःच निर्माण केले, असे म्हणावे लागते. करुण कविता हाती आली. तिला शोभेल असा दुर्दैवी कर्ता परंपरेने शोधून दिला.

थांग काळात हान यू याने, इ. स. ८०३ च्या सुमारास, उतारवयात किरकोळ पदावर निघालेल्या मंग च्याओ या कवीस निरोप देताना असे प्रतिपादिले की, ज्याचा तोल ढळतो ते निनादते. पुष्कळांनी यात केवळ दुःख पाहिले. परंतु निनादणाऱ्यांच्या यादीत त्याने सुराज्यातील यशस्वी मंत्रीही घातले आहेत. 'तोल ढळणे' आणि 'क्षोभ' एकच नव्हेत, याकडे छ्येन चुंगशू यांनी १९८० मध्ये जपानमधील वासेदा विद्यापीठातील व्याख्यानात लक्ष वेधले. सुंग काळात ओउयांग श्यू याने मेइ याओछेन याच्या काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत सिद्धांतास त्याचे सर्वांत प्रसिद्ध रूप दिले. काव्य मनुष्यास दैन्यात लोटते, हा लोकप्रवाद त्याने उलटा केला. मनुष्याची वाट खुंटते, मग काव्य सरस होते, असे तो म्हणतो. त्याचा 'छ्युंग' हा शब्द निव्वळ दारिद्र्याचा वाचक नाही. गुण असून पद न मिळणे, पुढे जाण्यास मार्ग नसणे, असा त्याचा अर्थ आहे. तथापि मेइ दरबारात असता तर त्याने राजवंशाची स्तोत्रे गायिली असती, अशी हळहळही त्याच प्रस्तावनेत आहे. क्षोभाची धार येथे पुष्कळच बोथट झालेली आहे.

भारतीय वाचकास या ठिकाणी वाल्मीकीच्या शोकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु क्रौंचवधाची कथा विशद करताना अभिनवगुप्ताने तो शोक मुनीचा स्वतःचा समजू नये, असे बजाविले आहे. स्वतः दुःखाने व्याकूळ असणाऱ्यास रसाचा अवकाश नाही. चिनी परंपरेत दुःख लेखकाचे स्वतःचेच असावे लागते, आणि ते बहुधा राज्यसंस्थेने दिलेले असते. एकीकडे दुःखाचे साधारणीकरण, तर दुसरीकडे त्यावर लेखकाची नाममुद्रा, असा हा भेद आहे.

अठराव्या शतकात चाओ यी याने, च्युरचेन लोकांच्या चिन राजवंशाचा १२३४ मधील अंत पाहिलेल्या युआन हाओवेन या कवीविषयी लिहिताना, राष्ट्राचे दुर्दैव हे कवीचे सुदैव ठरविले. सिद्धांत या टोकास आला म्हणजे तो पीडकाच्या सोयीचा होतो. पीडा दिली नसती तर काव्य कोठून आले असते, असे तोही म्हणू शकेल. रेन आन यास लिहिलेल्या पत्रास हे मान्य झाले नसते. त्यात शिक्षेचे आभार कोठेही नाहीत. ग्रंथ पुरा होऊन योग्य वाचकापर्यंत पोहोचला तर जुन्या अपमानाचे ऋण फिटेल, एवढीच आशा आहे. हान फेइ व ल्यू पुवेइ यांचा कालक्रम चुकला म्हणून त्या आशेचे मोल उणावत नाही. कालक्रम तपासल्यावाचून मात्र ते नेमके कळतही नाही.