कृत्रिम जखमा
कृत्रिम जखमा : हल्ल्याचा खोटा आरोप करण्यासाठी स्वतः केलेल्या वा दुसऱ्याकडून करवून घेतलेल्या जखमा. भारतात मुका मार भासविण्यासाठी बिब्ब्याचे तेल त्वचेला लावण्याचा प्रकार जुना आहे. जयसिंग मोदी यांच्या न्यायवैद्यकावरील पाठ्यपुस्तकात (पहिली आवृत्ती १९२०) त्याची पारख दिली आहे. खऱ्या माराचा डाग क्रमाने निळसर, हिरवट व पिवळा होत जातो. बिब्ब्याचा डाग काळपट तपकिरी असतो. त्यावर फोड येतात, खाज सुटते आणि खाजविणाऱ्या बोटांवरही फोड उठतात. शस्त्राच्या कृत्रिम जखमा बहुधा उथळ, समांतर व हात पोहोचेल अशा जागी असतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून असा आरोप दंडनीय आहे. तथापि एकाच लक्षणावरून निष्कर्ष काढल्यास खरा पीडितच खोटा ठरण्याचा धोका असतो. म्हणून वैद्याने निरीक्षणे काटेकोर नोंदवावीत, आरोपाच्या सत्यतेचा निर्णय न्यायालयाचा असतो.