वंगणातील शल्य आणि अयस्कांत

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात शरीरात रुतलेले शल्य काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत. त्यांपैकी एक अयस्कांत, म्हणजेच आपला लोहचुंबक. परंतु ग्रंथकाराने त्याच्या उपयोगास मर्यादा घातल्या आहेत, हे अधिक लक्षणीय होय. शल्य वाटेला अनुसरून असावे, कोठे अडकलेले नसावे, त्यास कर्ण, म्हणजे उलटे काटे, नसावेत आणि व्रणाचे मुख पुरेसे रुंद असावे; तरच अयस्कांत चालतो. मोटारीच्या तेलात उतरणारे लोहकण चुंबकाने धरण्याची जी रीत विसाव्या शतकात रूढ झाली, तिचा विचार करताना या मर्यादांचे वारंवार स्मरण होते. सुश्रुतापासून मोटारीपर्यंत अखंड परंपरा होती असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तशी ती नाहीच. साम्य आहे ते कार्याचे, आणि काही अंशी नावांचे.

रसशास्त्राच्या ग्रंथांत कांतलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकांत असे पाच प्रकार येतात. लोखंडास फिरवितो तो भ्रामक, त्यास चिकटतो तो चुंबक, ओढतो तो कर्षक. मराठीच्या नित्य व्यवहारात यांपैकी ‘चुंबक’ हेच नाव टिकले. वंगणाच्या बाबतीत ते योगायोगाने फार समर्पक आहे. चुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. म्हणून तेलातील कण दुरून ओढून आणणे त्यास साधत नाही. तेलाच्या प्रवाहाबरोबर जो कण जवळून जाईल तो पकडावा आणि पुन्हा निसटू देऊ नये, एवढेच त्याचे काम. तो कर्षक कमी आणि चुंबक अधिक.

मोटारीच्या तेलात चुंबक प्रथम शिरला तो मात्र या कामासाठी नव्हे. फोर्डच्या १९०८ ते १९२७ या काळातील ‘मॉडेल टी’ गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीज गतिचक्रावर बसविलेल्या १६ चुंबकांपासून मिळे. इंजिन, गिअर आणि त्यांवरील कापडी पट्टे यांना मिळून एकच तेल असे, आणि गतिचक्र त्याच तेलात फिरे. परिणामी लोखंडाचा बारीक कीस व पट्ट्यांचे धागे वीज बाहेर आणणाऱ्या संपर्काखाली साचत आणि वीज बंद पडे. तो भाग काढून पुसला की गाडी पुन्हा चाले. पुढे ज्या कचऱ्यासाठी चुंबक मुद्दाम बसविण्यात आला, तोच कचरा येथे उपद्रव म्हणून भेटतो, ही मौजेची गोष्ट आहे.

त्या काळचे पोलादी चुंबक उष्णतेने व हादऱ्यांनी क्षीण होत. जपानमध्ये होंडा कोतारो यांनी १९१७ साली आणि मिशिमा तोकुशिची यांनी १९३१ साली शोधलेल्या मिश्रधातूंमुळे ही स्थिती पालटली. १९५० नंतर स्वस्त फेराइट चुंबक आले, तर १९८० नंतरच्या दशकात निओडिमियमचे अतिशय प्रबळ चुंबक आले. तथापि प्रबळ तोच योग्य असे नव्हे. निओडिमियमचा साधा चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे दुबळा होऊ लागतो, आणि इंजिनातील तेल १०० अंशांच्या आसपास तापते. स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तळाशी आजही साधा फेराइट चुंबक आढळतो, तो उगाच नव्हे.

हाताने बदलावयाच्या गिअरबॉक्समध्ये बहुधा गाळणी नसते. तेथे तळाच्या बुचातील, कारागीर ज्यास ड्रेन प्लग म्हणतात त्यातील, चुंबक हाच काय तो संग्राहक. मात्र ‘चुंबकाने तेल शुद्ध होते’ हे विधान सैल आहे. गिअर जुळविणाऱ्या कड्यांचे पितळ वा ब्राँझ, पिस्टनचे ॲल्युमिनियम, बेअरिंगमधील शिसे, तांबे व कथील यांपैकी काहीही त्याकडे येत नाही. धूळ आणि काजळीही येत नाही. सुश्रुताने मर्यादा घातल्या त्या शल्याच्या स्थितीच्या. येथे पहिली मर्यादा शल्याच्या जातीची आहे.

म्हणूनच आमच्या मते या चुंबकाचे खरे मोल शुद्धीकरणात नसून साक्षीत आहे. बुचावर करडा, मऊ लेप आढळला तर ती नित्याची झीज. बोटाला टोचणारी चकती वा दात्याचा तुकडा आढळला तर आत काही मोडते आहे. हीच साक्ष वाचण्याचे शास्त्र १९७० नंतरच्या दशकात फेरोग्राफी या नावाने उदयास आले. त्यात तेलाचा नमुना चुंबकक्षेत्रातून काचपट्टीवर वाहवितात आणि मागे राहिलेल्या कणांचे आकार सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. विमानाच्या इंजिनात तर चुंबकाच्या दोन टोकांमधील फट लोहकणांनी भरली की विद्युन्मंडल पूर्ण होऊन वैमानिकासमोर दिवा लागतो. मोटारीच्या बुचाला असा दिवा नसतो. ते उघडावे लागते, आणि फडक्याने पुसण्यापूर्वी उजेडात धरून पाहावे लागते.