अरबी समुद्रातल्या जहाजाची हाक जुन्नर तालुक्यात कशी पोहोचायची?

चाकणहून पुणे-नाशिक रस्त्याला लागलं की राजगुरुनगर, मंचर मागे टाकून नारायणगाव येतं. तिथून जवळच आर्वी आहे. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, तरीही संकटात सापडलेल्या जहाजांचे संदेश इथे उतरायचे.

मुंबईजवळचा प्रॉंग्ज दीपस्तंभ 1875 चा. दीपस्तंभ जहाजाला किनारा दाखवतो, पण जहाजाचं काही ऐकू शकत नाही. ती सोय बिनतारी यंत्राने केली. 500 किलोहर्ट्झवर मोर्समध्ये मदत मागता येऊ लागली. अडचण एकच, पलीकडे कुणीतरी जागं हवं. 1912 मध्ये टायटॅनिक बुडताना जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाचा बिनतारी ऑपरेटर यंत्र बंद करून झोपला होता.

यावर उपाय उपग्रहाचा. जहाजांसाठी इनमारसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था 1979 मध्ये उभी राहिली. आर्वीचं विक्रम भूउपग्रह केंद्र 1971 पासून परदेशी फोन आणि टेलेक्ससाठी चालू होतंच. 1990 च्या दशकात विदेश संचार निगमने तिथूनच इनमारसॅटची सेवा दिली. (खोडदची जीएमआरटी दुर्बीण याच परिसरात असली तरी तिचा याच्याशी संबंध नाही.)

किनाऱ्यापासून इतक्या आत का? विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरचा उपग्रह आर्वीतून तितकाच नीट दिसतो आणि भोवतीचे डोंगर नको असलेल्या लहरी अडवतात. जहाजावर संकटाचं बटण दाबलं की संदेश आपोआप सगळ्यांच्या पुढे जातो. उपग्रहावरून तो आर्वीत आणि तिथून तटरक्षक दलाच्या मुंबईतल्या शोध-बचाव केंद्राकडे जायचा. 1 फेब्रुवारी 1999 पासून ही जागतिक संकटसंदेश पद्धत पूर्णपणे लागू झाली आणि मोर्सची सक्ती संपली.

मात्र हा नियम प्रवासी जहाजं आणि 300 टनांवरच्या मालवाहू जहाजांसाठी, तोही आंतरराष्ट्रीय फेऱ्यांपुरता. कोकणातल्या मच्छीमार होड्या त्यात येतच नाहीत. त्यांच्यासाठी इस्रोने वेगळं छोटं संकटसूचक यंत्र तयार केलं.

दीपस्तंभ जवळून पाहायचा असेल तर पिंपरी-चिंचवडकरांना रेवदंड्याजवळचा कोर्लई सोयीचा. किल्ल्याच्या पायथ्याशीच तो आहे. मात्र आत सोडण्याच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या आधी विचारून निघावं.